सुमनबाईंच्या पंपाची घंटा

हे मला खरंच आठवतंय की मागाहून मीच जुळवलंय, सांगता येत नाही, पण ऐकाच! निवृत्तीनंतर भोरला घरी बसून स्विफ्ट ही ॲप लिहायची भाषा शिकलो आणि मार्गासनीच्या सुमनबाईंना मोबाईलवर ॲप करून दिलं. पंप सुरू करताना बटण दाबलं की कांद्याच्या रोपाला पाणी द्यायची ठरलेली वेळ मोजून घंटा वाजणार, मग त्यांनी पंप बंद करायचा.

पहिल्या दिवशी घंटा खणखणीत वाजली. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत त्यांच्या ओट्यावर बसलो, आणि घंटा गप्प!

"सर, पानी बांधावरनं चाललंय!"

"थांबा हो, वेळ झाली नसेल."

"रोप पवाया लागलं, आन थांबा कुठं?"

त्यांनी पंप बंद केला. मी बांधावर जाऊन लॅपटॉप उघडला. घंटा वाजवण्याचं काम मी एका ऑप्शनल क्लोजरमध्ये, म्हणजे काम असेल किंवा नसेलही अशा एका खणात, ठेवलं होतं. ती दोनदा वाजेल या धास्तीने, एकदा वाजताच तिथे निल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवत होतो. ॲप कालपासून उघडंच, म्हणजे आज क्लोजर रिकामा! त्यात भीतीपोटी पुढे प्रश्नचिन्हही दिलेलं: काम असेल तर कर, नसेल तर मुकाट पुढे जा. मग तक्रार कोण करणार?

"सापडलं!" मी उडी मारली, ती थेट वाफ्यात.

"काय, चप्पल?"

निलची ओळ काढली. पुढे हंगामभर घंटा चुकली नाही. खात्री करायला मी रोज जायचो. रोप माझ्या घंटेमुळे वाचलं ना, हे मात्र गेल्या वर्षी भीत भीत विचारलं.

"पंप मी घंटेच्या आधीच बंद करायची," सुमनबाई म्हणाल्या. "ती वाजली की तुमचा चहा ठेवायची."