दादाच्या गिटारचे सहा स्क्रू

निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, विक्री विभागातली मंडळी, आणि मागच्या दुरुस्तीच्या खोलीतल्या माझ्या सोबत्यांनो,

माइक उघडून दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्याच्यासमोर उभं राहायची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली. पाहुण्यांनी आत्ता माझ्या प्रामाणिक कामाचं कौतुक केलं. मी ऋणी आहे, पण एक लबाडी कबूल केल्याशिवाय हा हार गळ्यात ठेववत नाही.

सहा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ इलेक्ट्रिक गिटार घेऊन आपल्या वाद्यांच्या दुकानात आला. आईच्या आजारपणात आम्ही एकमेकांना नको ते बोललो होतो. तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. मधे त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला, मग वहिनी गेली. कळलं होतं मला. मी गेलो नाही.

"डाव्या हाताची बोटं तारा दाबतात," तो म्हणाला, "पण खुंटी पिळायला मनगटात जोर नाही. उजव्यानं पिळावी तर तार छेडायची कशानं? तुझी वहिनी पिळून द्यायची."

"रोज इथे घेऊन ये. मी लावून देतो."

"रोज कुणाच्या दारात उभं राहायचं रे?"

मग मी त्याच्या गिटारला, तारांच्या खालच्या टोकाशी, फाइन ट्यूनरवाला ब्रिज बसवला. गिऱ्हाइकं नेहमी विचारतात, खुंट्या असताना हे बारके स्क्रू कशाला? अहो, या प्रकारात तारा मानेच्या टोकाशी पकडीत आवळलेल्या असतात, तिथे खुंट्यांचं काही चालत नाही. सुरातला बारीक फरक हे सहा स्क्रूच काढतात, आणि ते असतात उजव्या हाताशी. अंगठ्यानं तार छेडा, दोन बोटांनी स्क्रू फिरवा. दादानं तिथंच करून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला आणि माझ्या मनात आलं, आता हा परत कशाला येईल?

तारा सैलावतील तसे हे स्क्रू आवळत जायचे, म्हणून सुरुवातीला ते मध्यावर ठेवायचे असतात, म्हणजे बरेच दिवस पुरतात. मी ते जवळजवळ शेवटापर्यंत आवळून दिले. स्क्रू पुढे फिरेनासे झाले, की पकड सोडून सगळं नव्यानं लावावं लागतं. ते त्याला एकट्याला जमणारं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दादा हजर! मी चहा मागवला. दोन वर्षं असंच चाललं.

एकदा कप खाली ठेवत तो म्हणाला, "या वेळी मध्यावर ठेव."

माझे कान तापले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या खेपेपासून. ठेव मध्यावर. मी तसाही येईन."

आणि तो येत राहिला, बऱ्याचदा गिटार न घेताच. गेल्या वर्षी तो गेला.

गिटार आता माझ्या घरी आहे. मला वाजवता येत नाही, लावता येतं. संध्याकाळी सहाही तारा सुरात लावतो आणि भिंतीला टेकवून ठेवतो. उद्यापासून दुपारही मोकळीच आहे.

कुणाचं माझ्या घराच्या बाजूला येणं झालं, तर दार वाजवा. काम नसलं तरी या. आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत, आज इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आपलाच माणूस म्हणून पोटात घाला.