न खाकरता

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोण लक्षात ठेवतं, पेशंट तर झोपलेला असतो. पण किन्हीराजा गावचे किसनजी माझ्या डोक्यातून जात नाहीत बघा. पोटाच्या ऑपरेशनला आले होते. भुलीआधी वेदना मारणारं एक औषध आम्ही शिरेतून देतो, त्यानं कधीकधी खोकला उसळतो. म्हणून मी ते हळूहळू सोडतो आणि त्याआधी पेशंटला जोरात फुंकायला लावतो.

"बाबा, निखाऱ्यावर मारता तशी फुंकर मारा. मग खोकला येणार नाही."

"म्हंजे न खाकरताच आत जाऊ?"

"आत कुठं?"

"कुठंबी. मी घरातबी खाकरल्याबिगर पाय टाकत नाही. दारात खाकरलो का बुढी आतून म्हने, 'आले का?' अन् चहा मांडे. ते गेली तवापासून खाकरतो अन् दारातच उभा राह्यतो. कोनी काही म्हनत नाही."

मी म्हटलं, "आज फुंका. उठल्यावर खाकरा."

त्यांनी फुंकलं. खोकला आला नाही, मी खूश.

ऑपरेशन झालं, घशातली नळी काढली, तर किसनजी मिटल्या डोळ्यांनी खाकरले आणि मान दाराकडे करून पडून राहिले. सिस्टर धावली. मी तिला अडवलं. म्हटलं, "काही करू नको. नुसतं 'आले का' म्हण."

तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली.

"हाव," किसनजी म्हणाले. "चहा मांड."