मांडीवरची आनंदी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय धर्मेशभाई, व्यासपीठावरच्या विभागप्रमुख डॉ. आशा मॅडम, सत्कारमूर्ती डॉ. कौस्तुभ सर, आणि रविवारची झोप मोडून मीरा रोडच्या या हॉलमध्ये जमलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी निशिगंधा भोईर, इथल्याच राई गावची. आपल्या विद्यापीठात बालविकास आणि मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाले. पीएच.डी. मात्र सरांच्या कृपेने राहिली. हसू नका हो, कृपाच म्हणायची ती!

सरांच्या हाताखाली मी राईच्या बालवाडीत निरीक्षणाला बसायचे. नियम कडक. कोपऱ्यात बसायचं, मुलांना हात लावायचा नाही. पण चार वर्षांची एक पोर कुणाशीच बोलेना. नुसती बालवाडीशेजारच्या घराच्या ओट्यावर आईजवळ बसून राहायची, आई सुकी मासळी निवडत असायची. एक दिवस न राहवून मी तिला मांडीवर घेतलं. आणि काय सांगू! बोंबील वेगळे, मांदेली वेगळी काढत पोरीनं मला मोजून दाखवलं. मी तिथंच रडले. हे प्रबंधात लिहिलं.

सर म्हणाले, "मांडीवर घेतलंस? मग हे शास्त्र नाही, लाड आहेत." सही केली नाही. घरी बाबा म्हणाले, "जावं दे पोरी, आपलं कोन हाय तिथं?"

पुढे सरांचं पुस्तक आलं. ज्याच्यासाठी आज ही शाल आणि हा नारळ, तेच. त्यात वाचलं, 'मी त्या मुलीला मांडीवर घेतले.' मी घेतलं तर लाड, आणि सरांनी घेतलं की शास्त्र? वा रे न्याय!

मघाशी जिनं सरांना पुष्पगुच्छ दिला ना, त्या मुलीला सरांनी मायेनं विचारलं, "कुठली गं तू, बाळ?" ती म्हणाली, "राईची हाय, सर." सर म्हणाले, "राई? हे कुठं आलं?" माइक चालू होता, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. सर, इथून रिक्षा जाते हो राईला! आणि ती मुलगी आनंदी. तुमच्या पुस्तकातली. यंदा तिनं आशा मॅडमच्या विभागात एम.ए.ला प्रवेश घेतलाय.

मला राग आहे का? आहे. लोणच्यासारखा मुरवलाय, झाकण आज उघडलं.

आता सत्काराला उत्तर द्यायला सर उठतील. त्यांनी एवढंच सांगावं, मांडीवर बसल्या बसल्या आनंदीनं पहिलं काय विचारलं? पुस्तकात ते नाही, कारण मी प्रबंधात लिहिलंच नव्हतं. पण पोरगी विसरलेली नाही. चहाच्या वेळी तिनं आशा मॅडमना सांगून ठेवलंय. सरांचं उत्तर जुळलं, तर मी भर सभेत त्यांचे पाय धरीन. नाही जुळलं, तर विभाग काढतोय त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर नाव कुणाचं, ते मॅडमनीच ठरवावं.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. धर्मेशभाई, माइक सरांकडे द्या.