माहेरच्या भांड्याला टिचकी

मी तांबटाची लेक. जन्म नाशिकचा, जुन्या गावातला, घराखालीच अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं दुकान आणि दिवसभर ठोकाठोकी, त्यामुळं आमच्या घरात हळू बोलणं कुणाला जमतच नाय, मी आत्ता तुमच्याशी बोलतेय ना, हा माझा कानात सांगायचा आवाज हाय. काय सांगू तुम्हाला, पाणी तांब्याच्या घागरीतलं, अंघोळ तांब्याच्या बंबातली, देवाची पळी तांब्याची, आणि लग्न होऊन सातपूरला आले तर नवरा कारखान्यात मोटारींना तांब्याची तार गुंडाळणारा. तांब्यानं काय माझी पाठ सोडली नाय.

अण्णा म्हणायचे, भांडं डोळ्यानं घेऊ नये, कानानं घ्यावं. टिचकी मारायची. तांबं ठण्ण करतं आणि आवाज हळूहळू बसतो, लोखंड टण् करून मोकळं होतं. हे मी सगळ्या सातपूरला शिकवलंय, कुणाच्याही घरी गेले की आधी टिचकी, मग चहा. बायका भांडी लपवायला लागल्या. पण आमच्या घरात एक रीत, माहेरच्या भांड्याला लेकीनं टिचकी मारायची नाय. मारली म्हणजे बापाच्या हातावर शंका घेतली.

अण्णांच्या मागं हातोडी दिलीपकडं आली, माझ्या धाकट्या भावाकडं. माझ्या पूनमचं लग्न चांदवडला ठरलं तेव्हा हा आपणहून म्हणला, ताई, रुखवतातला हंडा मामाच्या हातचा, मी स्वतः ठोकणार. आणि आणला की हो हंडा, असा लालबुंद, अंगभर ठोक्यांची नक्षी, मांडवात मी त्याच्यापाशीच उभी, नवरी कोण आणि हंडा कोण अशी पंचाईत. विहीणबाईंना म्हणलं, आमच्या दिलीपचा एकेक ठोका मोजून घ्या, असलं काम आता नाशकात कुणी करत नाय. नवरा मागून म्हणला, अगं, वाजवून तरी बघ. मी त्याच्यावर अशी कडाडले, की भटजी मंत्र विसरले.

चार महिन्यांनी पूनमचा फोन, आवाज पडलेला. आई, हंडा पांढरा पडला गं. सासूबाईंनी सणाला चिंच-मीठ लावून घासला, तर तांबडा थर निघून गेला आणि खाली लोखंड. म्हणलं, काय बोलल्या त्या? तर म्हणे, काय नाय, एवढंच म्हणल्या, तुझ्या आईनं ठोके मोजायला सांगितलं होतं, धातू बघायला नव्हतं सांगितलं.

फोन ठेवला. तशीच बस धरली आणि दिलीपचं दुकान गाठलं. कोपऱ्यात तसलेच आठ-दहा हंडे एकात एक घातलेले, मशीनचे, सगळ्यांवर ठोके एकाच जागी. म्हणलं, दिल्या, भाचीला रे? तो नुसता बघत राहिला, म्हणून परत ओरडले, भाचीला दिलास हा? तेव्हा म्हणला, ताई, दोन वर्षं झाली, खांदा वर जात नाय, ऐकूबी कमी येतं. सांगायची लाज वाटली. आणि तू काय वाजवून बघणार नव्हतीस.

हे शेवटचं बोलला ना, ते लागलं बघा. खांदा गेला म्हणला असता, तर मी स्टीलचा हंडा डोक्यावर घेऊन मांडवभर नाचले असते. पण त्यानं नेमकी माझी न मारलेली टिचकीच वापरली. अख्ख्या जगाला वाजवून बघणारी मी, आणि फसले कुठं, तर जिथं वाजवायचं नव्हतं तिथं.

भाऊबीजेला येतो की नाय वाटलं होतं, पण आला. पिशवीतून एक तांब्या काढला, जरा वाकडा, ठोके कुठलेही कुठं. म्हणला, बसून बसून जमेल तसा केलाय, पूनमला दे. आणि माझ्यापुढं धरून म्हणला, वाजव. म्हणलं, रीत नाय आपली. म्हणला, वाजव गं ताई. मारली. ठण्ण झालं, अस्सल तांबं, आवाज किती वेळ बसेना. त्याला मात्र तो ऐकू आला नाय, तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी मान हलवली, ओवाळलं, देव तुझा खांदा बरा करो म्हणलं, अगदी मनापासून म्हणलं.

तांब्या चांदवडला पोचला, विहीणबाई त्यातूनच पाणी पितात म्हणे. सगळं गोड झालं असंच म्हणायचं. पण पुढच्या भाऊबीजेला तो काहीबी घेऊन आला, तरी माझं बोट आधी पुढं जाणार, मला माहीत हाय. पन्नास वर्षं आवरलेलं बोट, एकदा सुटलं, आता कुणाच्या बापाचं ऐकायचं नाय.