रेनियरवर सुधीर भेगेत पडला तेव्हा

अरे, चौऱ्याऐंशी साली आम्ही अमेरिकेतला माउंट रेनियर चढलो, तेव्हा काय झालं माहितीये? मी, सुधीर आणि नागपूरचा वसंता, तिघं एकाच दोराला बांधलेले. शिखर तासाभरावर असताना पुढे चालणाऱ्या सुधीरच्या पायाखालचा बर्फ खचला आणि तो भेगेत दिसेनासा झाला. आम्ही दोघं बर्फात कुऱ्हाडी रोवून पालथे पडलो, म्हणून दोर थांबला.

"सुध्या, बोल काहीतरी!" मी ओरडलो. त्याच्या बायकोला काय सांगू, एवढंच डोक्यात.

मग खालून आवाज आला, "ओढा रे, जिवंत आहे!"

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. मी त्याला मिठी मारून रडलोच. वसंता म्हणाला, "बस झालं यार, खाली जाऊ."

"खाली आत्ताच जाऊन आलो," सुधीर म्हणाला. "आता वर चला."

आणि गेलो की, तिघंही!