जावेची गोळी

नवीन जालन्यातल्या हृदयाच्या दवाखान्यात टेंभुर्णीच्या दोघी जावा माझ्या शेजारी बसल्या होत्या. थोरल्या द्वारकाबाई आणि धाकटी दैवशाला.

“बाई, खरं सांगा. माझ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या तुम्हीच घेऊन राह्यल्या ना?”

“घेतल्या. माझ्या बंद केल्या आन् तुझ्या घेतल्या.”

“म्हणून सकाळी तोंड वाकडं झालं! हातातला घास गळून पडला तुमच्या.”

“झालं की मंग लगेच सरळ.”

“तुमच्या काळजात धातूची झडप हाय. तुम्हाला जुनीच गोळी लागती, न्हाईतर गुठळी मेंदूत जाती. डॉक्टरांनी कितींदा सांगितलं?”

“तुझी नुसती धडधड, गोळी मात्र नवीन! रक्त तपासणं न्हाई. मला बंद असलेली मेथी-पालक बी खाती, माझ्यासमोर. मी दर महिन्याला रक्त काढायला दंड पुढं करायचा.”

“दर महिन्याला भाऊजी तुम्हाला गाडीवर बसवून आणतात. हाटेलात चहा पाजतात. आमचे हे कधी विचारत बी न्हाईत, गोळी घेतली का म्हणून.”

“तुला याचं वाईट वाटतं?”

“वाटतं. आपल्याला बी झडप असती तर बरं झालं असतं, असं वाटतं.”

“येडी हाईस. पुढच्या महिन्याला तू बी चल आमच्यासंगं.”

“गाडीवर दोघंच बसतात, बाई.”