मुलगा शेजारी येऊन बसतो

—नाही नाही, तिकडे नको, तुम्ही इथेच बसा, या बाजूला, आणि मी हा असा स्टूल ओढून तुमच्या शेजारी – अहो, एवढं अंग चोरून बसायची गरज नाही, मी चावत नाही, आणि चावलो तरी नखं सोडून चावेन, पोट आहे त्यावर माझं. डावा हात द्या. हां. बोटं वाटीत सोडा, पाणी कोमट आहे, आधी स्वतःचं बोट घालून बघितलंय. आता तुम्ही विचारणार, समोर एवढी चांगली खुर्ची रिकामी पडलेली असताना हा बाबा बसमध्ये बसल्यासारखा शेजारी का येऊन बसला? सगळे विचारतात. उजेड! इथून उजेड बरा पडतो. – काय? दिवा त्या बाजूला आहे? आहे खरा. दिवसभर हिरे बघता ना, नजर असणारच. बरं, मग पाठ. त्या खुर्चीची पाठ ढिली आहे, टेकलं की माणूस मागे जातो. झालं समाधान? नाही झालं. असू दे, पाणी निवतंय, आपण कामाला लागू.

मी मॅडम म्हणतो हं तुम्हाला, चालेल ना? इथे सगळ्या मुली गिऱ्हाइकाला ताई म्हणतात – या ताई, बसा ताई, किती बारीक करू ताई. मला नाही जमत. तो शब्द माझ्याकडे एकच होता आणि तो एकीला दिलेला आहे. मॅडम बरं. – पण तुम्ही आलात हे भारी केलंत, खरंच. मला वाटलं होतं तुमचा तो दारावरचा वॉचमन एक दिवस माझी गचांडी धरून पोलिसात देणार. तीन दिवस मी तुमच्या काचेबाहेर उभा! त्याला वाटलं, हा दुकान फोडायचा अंदाज घेतोय. मी म्हटलं, काका, शपथेवर सांगतो, मला अंगठ्या नकोत, मला फक्त आतल्या बायकांची बोटं बघायची आहेत – तर त्याने शिट्टीच मारली. माझं हे असंच होतं, तोंडातून निघून जातं आणि मग कळतं. पण तुम्ही वर बघितलंत. आणि मी काय केलं, दोन्ही पंजे लावले काचेला – डावा केलेला, नखं घासून, खालचा थर, वरचा थर, चकचकीत – आणि उजवा तसाच, मेकॅनिकचा असतो तसा. तुम्ही हसलात. हसलात की नाही? तिथेच मला कळलं, ही बाई येणार.

अहो, मला सांगा, आता गिऱ्हाईक शोधायचं तरी कुठे? पूर्वी इथे बाकडं होतं, त्या आरशाखाली, लांबच्या लांब. केस कापायला आलेली बाई त्यावर बसायची, अर्धा तास, पाऊण तास, कंटाळायची, आणि माणूस कंटाळला की काय करतो? स्वतःच्या नखांकडे बघतो. ताई म्हणायची – माझी बहीण, हे टेबल तिचं – ती म्हणायची, आपला धंदा लोकांच्या कंटाळ्यावर चालतो. बाकड्यावर कोणी हात पसरून बघायला लागली की ही इथूनच म्हणायची, या, तेवढ्यात करून टाकू. झालं गिऱ्हाईक! आता मालकीणबाईंनी बाकडं काढून टाकलं. फोनवर वेळ घ्यायची, मिनिटाला यायचं, खुर्चीत बसायचं, डोळे फोनमध्ये, उठायचं. कोणी कंटाळतच नाही! कंटाळाच बंद झाला, तर नखांकडे बघणार कोण? शिवाय खुर्च्या सगळ्या भाड्याने, ज्याने त्याने आपापलं माणूस आणायचं. केसवाल्यांचं बरं आहे, केस आपोआप वाढतात. – नखंही वाढतात? हो, पण ती माणूस घरी टीव्हीसमोर बसून कापतो, केस कापतो का? हां.

फोनवर म्हणाल तर आहे मी फोनवर. फोटो टाकलेत. तारेपण मिळालेत, लोक तारे देतात ना, तसे. एका बाईने लिहिलंय – पाठच आहे मला – ‘काम सुंदर. पण मुलगा शेजारी येऊन बसतो.’ आणि दोन तारे! कामाचे पाच धरले तर शेजारी बसायचे तीन कापले. मान्य आहे मला. ती बिचारी सबंध वेळ भिंतीकडे सरकत होती, मी बोट धरून मागोमाग सरकत होतो, शेवटचा थर आम्ही जवळजवळ दारात लावला. – हसा, हसा, फक्त हात हलवू नका.

तर मग मी विचार केला. शाळा मी सहावीतच सोडली, पण डोकं आहे. म्हटलं, बाकडं गेलं, आता अशी माणसं शोध ज्यांच्या हाताकडे दुसरे लोक टक लावून बघतात. बँकेतल्या कॅशियरकडे गेलो – काचेच्या भोकातून बोटं तेवढी बाहेर येतात त्याची – म्हटलं साहेब, नखं करून घ्या. तो म्हणाला, मागच्याला येऊ दे. फोन दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, त्याचे हात काय सुंदर आहेत, बाईला लाजवतील, तो लाजला आणि दुकानच बंद केलं. आणि मग जाता जाता तुम्ही दिसलात. भिंगाखाली हात! अंगठी घालून तो हात उलटा करता, सुलटा करता, समोरचा माणूस श्वास रोखून बघतोय, आणि तुमच्या त्या करंगळीजवळच्या बोटाची कातडी अशी सोललेली – दुखतं ना इथे? हळू करतो. म्हटलं, एवढा महाग खडा आणि त्याच्या शेजारी हे नख! माझा जीव तुटला. तुमच्या काउंटरला नऊ जणी आहेत. मोजल्या मी. एक आली आणि तिला आवडलं, तर नऊ येतील. नऊ आल्या, दर पंधरवड्याला ठरलेल्या, तर मी – जाऊ दे. तुमच्यावर दडपण नाही आणायचं. पण नऊ हं.

दडपण नाही म्हणतो आणि सांगतोच. आज संध्याकाळी मालकीणबाईंना सांगायचंय, माझ्याकडे नेमाने येणारी माणसं किती. नसतील तर ही जागा पापणीला. पापणी म्हणजे ती, त्या काचेमागची, खोट्या पापण्या लावते. पोरगी चांगली आहे, मला स्वतःच्या डब्यातलं देते, पण तिला जागा पाहिजे, आणि तिचं चाललंय जोरात. तिचं काय, गिऱ्हाईक आडवं, डोळे मिटलेले, जवळ कोण बसलंय, शेजारी की डोक्यावर, त्याला दिसतच नाही! मालकीणबाईंची पण चूक नाही. ताई गेल्यावर त्यांनी तीन महिने या टेबलाला कोणाला हात लावू दिला नाही. – कुठे गेली म्हणजे? गेली. आधी मी लोकांना सांगायचो सुट्टीवर आहे. एक बाई म्हणाली, तीन महिने? कुठल्या नोकरीत मिळते एवढी सुट्टी, मलाही लावून दे चिकटवून. मी पण हसलो. मग बंद केलं सांगायचं.

हे बघा, डावा झाला. बघा उजेडात धरून. काय? बोला की! – शिकलो कुठे? कुठेच नाही, शिकवलंच नाही मला कोणी. मी दहा वर्षांचा होतो, ताई कामाला लागली नव्हती अजून, तिला सराव करायला हात पाहिजे होते, आणि घरात फुकटचे हात माझे. रोज संध्याकाळी मला धरून बसवायची. लाल, जांभळा, एकावर ठिपके, एकावर रेघा. शाळेत जाताना पुसायला विसरली की संपलं, वर्गात सगळे ओरडायचे, वहिनी आल्या, वहिनी आल्या! एकाचं नाक फोडलं मी. गणित जमत नव्हतं म्हणून शाळा सोडली असं घरी सांगितलंय, तुम्हीही तेच धरून चाला. पुढे तिला हे टेबल मिळालं, तरी नवा रंग आला की आधी माझ्यावर. इथे, तुम्ही बसलात ना, याच खुर्चीत. दहा वर्षं मी बघितलंय, पण या बाजूने. कळतंय का? बोटं अशी आपल्यापासून लांब जाणारी. घासायची पट्टी कुठून फिरते, ब्रश कुठे उचलायचा – सगळं मला गिऱ्हाइकाच्या बाजूने येतं. समोर बसून बोटं माझ्याकडे रोखलेली आली की सगळं उलटं. म्हणून शेजारी बसतो. एवढंच. उजेड नाही, पाठ नाही. झालं समाधान?

चला, उजवा. किती वेळ राहिला जेवणाच्या सुट्टीचा? पंधरा मिनिटं. पुष्कळ झाली. मी फक्त स्टूल घेऊन तुमच्या उजवीकडे – अरेच्चा. – थांबा. काल ही काच नव्हती. पापणीचा आडोसा एवढा पुढे आणला? सकाळी मी आलो तेव्हा ती पाच-सहा माणसं काहीतरी ठोकत होती, मला वाटलं आरसा लावतायत. इथे तर झाडूसुद्धा उभा राहणार नाही. बरं. काही नाही, काही नाही. तुम्ही उजवा हात असा पोटावरून डावीकडे आणा. आणखी. जरा वळा. – खांदा दुखतो? हो, चेहरा लाल झाला. मग तुम्ही माझ्या स्टुलावर या आणि मी तुमच्या खुर्चीत – नाही, स्टुलापुढे टेबलच नाही, हात ठेवाल कशावर? टेबल फिरवू? स्क्रूने जमिनीला बसवलंय. मी खाली जमिनीवर बसलो तर? तुम्ही हात वर धरा, मी खालून – रंग डोळ्यात जाईल. एक करू, उजवा राहू दे. अंगठ्या कुठल्या हातात घालून दाखवता तुम्ही? – दोन्ही. मेलो.

कुठे? समोर? नाही. – नाही म्हटलं ना मॅडम. बोट नका दाखवू तिकडे. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. परवा एकीने पर्स ठेवली त्यावर, नुसती पर्स, मी ती उचलली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. ती मागोमाग गेली, ती गेलीच. आता सांगा, पर्सचा काय दोष? पायरीवर! मलाच कळत नाही मी काय करतो ते. – चिडलो नाही मी. आवाज मोठा आहे माझा. पापणी, तू तुझं काम कर, काचेतून बघू नको!

बसा. उठू नका ना, प्लीज, अजून तेरा मिनिटं आहेत तुमची. मगाशी सांगितलं ते खरं आहे, उलटं दिसतं वगैरे. पण तसं आठवड्यात सरावलो असतो. ते नाही. – हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणाली, बोटाला चिमटा लावायचाय, श्वास मोजायचा, नखावरचा रंग काढा, रंगातून यंत्राला दिसत नाही. साधा ताप होता, मॅडम. आठ दिवस. तिथे कोणाकडे रंग काढायची बाटली नव्हती, मी इथे पळत आलो, याच खणातून घेतली, पळत गेलो. पलंगाशेजारी बसलो. शेजारीच बसतात ना तिथे, समोर बसायला जागा कुठे असते? आणि तिचं बोट धरलं. दहा वर्षांत मी पहिल्यांदा तिचं बोट धरलेलं, नेहमी तीच माझं धरायची. एक नख पुसलं. तर ही मला म्हणते, आवाज नाही नीट, मास्कमधून – एकच काय काढतोस, वेडं दिसतंय, दहाही काढ. मग मी दहाही काढली. सावकाश. आणि शेवटी तिने हात वर धरून बघितला, तुम्ही आत्ता बघितलात तसा, आणि म्हणाली, अंगठ्याच्या कोपऱ्यात राहिलंय, गिऱ्हाईक परत येणार नाही तुझ्याकडे.

राहिलं होतं. मी म्हटलं, उद्या काढतो.

– अहो, तुम्ही नका रडू, रंग ओला आहे, डोळे पुसायला गेलात तर माझी सगळी मेहनत गालावर. तुम्ही दुकानात काय सांगाल, नखं करायला गेले आणि काजळ ओघळून आले? मला तारे द्यायचे राहतीलच. इकडे बघा. हे घ्या, कागदी रुमाल, डाव्या हाताने नको, उजव्याने, उजवा अजून कोराच आहे. हां.

दहा मिनिटं. अर्धे हात घेऊन पाठवलं तर त्या नऊ जणी काय बघतील? एक हात राणीचा आणि एक तुमचाच. ताईने मला धरून बदडलं असतं. अर्धं काम सोडलेलं तिला खपायचं नाही, माझ्यावर सराव करतानासुद्धा दहावं बोट झाल्याशिवाय मला पाण्याला उठू द्यायची नाही. – हो, कळलं. कळलं म्हटलं ना. हसू नका माझ्याकडे बघून. उठलो.

ही खुर्ची बघा किती बुटकी आहे. पाठ ढिली नाही हिची, छान आहे पाठ. आणि दिवा – तुम्ही म्हणालात तसाच, बरोबर इथे पडतो. सगळं उलटं दिसतंय हं, आधीच सांगतो, अंगठा त्या बाजूला, करंगळी या बाजूला, वेळ लागेल, सांभाळून घ्या. आणि इथून – इथून तुमची खुर्ची बरोबर समोर येते. मी बसायचो ती. मला वाटायचं ताई नखांकडे बघते. मान खाली घालून असायची ना. पण इथून मान खाली घातली तरी समोरच्याचं तोंड दिसतं, मॅडम. सगळं दिसतं. म्हणजे दहा वर्षं ती रोज –

उजवा हात द्या. आणि आता बोलू नका. मीही नाही बोलत.